वालधुनीचे दोन काठ

सुशीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. शिपाई रडायला लागला, साहेब केबिनबाहेर येऊन नुसते उभे राहिले, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे... मी गेले तर कुणी असं थांबेल का?

महसूल खात्यात आम्ही बरोबरच लागलो. वालधुनी नदीच्या पात्रातली सरकारी जमीन राखायचं काम आमच्याकडे आलं. उल्हासनगर कॅम्प चारकडचा काठ माझा, समोरचा तिचा. दोन्हीकडे पात्रात झोपड्या, गॅरेजं, पत्र्याच्या शेड. मी नोटीस चिकटवायचे आणि लोक "लावा मॅडम" म्हणत दार लोटून घ्यायचे. ती मात्र उंबऱ्यावर बसून चहा घ्यायची, कुणाच्या मुलीच्या दहावीची चौकशी करायची, आणि काही दिवसांनी शेड आपोआप मागे सरकलेली असायची. तिचं अक्षरसुद्धा माझ्याइतकं चांगलं नव्हतं!

मग तो मोठा पूर आला. वरून पाऊस आणि खाडीला भरती; पाणी पुढे जाईना, मागेच फुगत चाललं. "सामान सोडा, वर चला!" मी घसा फोडून ओरडत होते. कुणी हलेना. एकजण टीव्ही माळ्यावर चढवत बसला होता. तेवढ्यात पलीकडून, कमरेइतक्या पाण्यातून, सुशीलाची हाक आली, "ए सविता, पोरांना घे नि नीघ!"

सविता माझ्या काठावरची. मला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

"सुशीताई बोलतेय, चलो चलो!" म्हणत अख्खी गल्ली माझ्या शेजारून वर पळाली. झोपड्या गेल्या, माणसं सगळी वाचली. साहेबांनी तिचं कौतुक केलं, तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या काठाचं काम मंगलचं आहे, सर." म्हणजे मोठेपणाही तिचाच...

"रागावलीस का गं?" तिने नंतर विचारलं.

"छे, कशाला?" मी म्हटलं.

आजारपणात तिला भेटायला अंबरनाथला गेले, तर खाटेभोवती काठावरच्या बायका आधीच बसलेल्या. मी दारातच उभी राहिले.

आता दोन्ही काठ माझ्याकडे आहेत. परवा एक म्हातारी ऑफिसात आली, पिशवीतून अळूची पानं काढून सुशीलाच्या टेबलावर ठेवायला लागली.

"आजी, त्या आता नाहीत," मी म्हटलं.

"म्हाईत हाय," म्हातारी म्हणाली. पानं नीट लावून ठेवली आणि निघून गेली.

माझं टेबल अगदी शेजारीच आहे.