तीन देश, एक पातेलं

दारावरच्या पाटीवर पृथ्वीचा गोळा रंगवलाय आणि त्याच्याभोवती काटे-चमचे फेर धरून उभे आहेत. आत आठ-दहा टेबलं, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, आणि मेनूकार्डात इटली, मेक्सिको, चीन. कॉलेजची पोरं, ऑफिसातली माणसं, मुलांना कधीतरी बाहेर जेवायला आणणारे आईबाप, सगळ्यांना परवडेल अशा भावात जग फिरवून आणायचं, हा मालकांचा धंदा.

आता खरं सांगायचं तर हे तिन्ही देश एकाच पातेल्यातून निघतात. सकाळी टोमॅटो, कांदा, लसूण शिजवून घोटायचं, की पातेलंभर सॉस तयार. स्वयंपाकघरात त्याला नुसतं 'लाल' म्हणतात. लालमध्ये वाळकी पानं चुरडली की इटली, राजमा आणि मिरची पडली की मेक्सिको, सोया आणि व्हिनेगर पडलं की चीन. गिऱ्हाईक म्हणतं, वा, प्रत्येक देशाची चव कशी अगदी वेगळी! असेल बाबा. आपण कशाला कुणाच्या तोंडची चव घालवायची?

हे लाल करतात वहिनी. मालक आणि वहिनींचा नवरा जिवाभावाचे मित्र. दोघांनी मिळून हे हॉटेल उभं केलं. मित्र गेला, पण मालकांनी वहिनींना दूर केलं नाही, आणि मालक वहिनी म्हणतात म्हणून वेटरपासून टोमॅटोवाल्यापर्यंत सगळेच वहिनी म्हणतात. बाईचा स्वभाव तिखट. पण हाताला चव अशी, की तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नसे.

गेल्या हिवाळ्यात वहिनींना मोठा ताप आला. ताप गेला, जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. साखर खा नाहीतर खडू खा, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कधी, ते काही बोलले नाहीत. वहिनी मूग गिळून बसल्या. सांगणार कुणाला? मुलगा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी सून आणि लहानगी नात. सुनेला सांगावं, तर आजवर तिच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवलेली. आणि मालकांना सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला घरी बसवणं. जिभेवर पोट असलेल्या बाईने जीभ गेली म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने?

मग चाललं अंदाजावर. कांद्याचा रंग बघायचा, बुडबुडे कसे फुटतात ते बघायचं, मीठ मुठीने टाकायचं. पूर्वीही मीठ मुठीनेच टाकत, पण नंतर एक थेंब तळहातावर घेऊन चाटत, आणि मग कमी-जास्त करत. आता थेंब घेत होत्या तो फक्त आजूबाजूच्यांना दिसावा म्हणून. एवढं नाटक करूनही दमायला होतं हो. लाल करण्यापेक्षा त्याचाच शीण जास्त.

आणि त्या दिवशी घात झाला. वहिनी मिठाच्या डब्याशी उभ्या, तेवढ्यात मागच्या दाराशी टोमॅटोवाला आला. अर्धे टोमॅटो मऊ. वहिनी त्याला अशा काही झाडत सुटल्या की बिचाऱ्याने पेटी उचलून परत नेली. मग ॲप्रनला हात पुसत पातेल्यापाशी आल्या आणि थबकल्या. मीठ टाकलं होतं का आपण? थेंब घेतला, चाटला. गरम. ओला. बाकी काही नाही. पुन्हा चाटला. शेवटी म्हणाल्या, नसेलच टाकलं, आणि मूठ सोडली.

दुपारी पहिल्यांदा इटली परत आली. मागोमाग मेक्सिको. वेटर ताटली ठेवत म्हणाला, "वहिनी, चीनवालेही पाणी पाणी करतायत."

मालकांनी पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला आणि तसेच मोरीपाशी जाऊन थुंकले. "वहिनी, चाखलं नव्हतं का?"

"चाखलं होतं, भाऊजी."

खोटं नव्हतं ते. चाखलं होतंच.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तो तयार सॉसचे डबे विकणारा नमुने ठेवून गेलाय. उघडायचं, ओतायचं, रोज तीच चव. तुमच्यामुळे मी त्याला थांबवून धरलंय. उद्याचं लाल मी स्वतः चाखणार. पुन्हा असं झालं तर माझा नाइलाज आहे."

डबे उघडायला वहिनी कशाला लागतात? कुणीही उघडेल. हे त्यांनाही कळत होतं आणि वहिनींनाही.

संध्याकाळी वहिनी घरी पोचल्या. सुनेने ताट वाढलं. वहिनींनी चार घास खाल्ले आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "छान झालीय गं भाजी."

सून समोर बसली होती. तिने स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता. "आई, आज भाजीत मीठच नाही."

वहिनींचा घास हातातच राहिला.

"मुद्दाम नाही घातलं," सून म्हणाली. "कालही नव्हतं घातलं. लग्न झाल्यापासून मी केलेलं कधी तुमच्या पसंतीस उतरलं नाही. आणि हा ताप येऊन गेल्यापासून रोज छान, रोज छान. मला वाटलं, जमलं एकदाचं आपल्याला. माझ्या आईला फोन करून सांगितलं हो मी! मग एक दिवस डाळ करपली, घरभर वास, आणि तुम्ही म्हणालात, छान झालीय." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला चवच लागत नाही ना?"

वहिनींना वाटलं, उठावं, काहीतरी टाकून बोलावं. पण अंगात बोलायचंही बळ नव्हतं. "नाही लागत," त्या म्हणाल्या. आणि मग एवढ्या दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. पातेलं, मूठ, डबे, उद्याची परीक्षा.

सुनेने डोळे पुसले. ताटं उचलली, भाजी परत कढईत टाकली, मीठ घातलं, आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. शेजारच्या काकू बघतील पोरीला."

सकाळी दोघी मागच्या दाराने आत गेल्या. वहिनींनी कांदा परतला, टोमॅटो घातले, घोटलं, एक मूठ मीठ टाकलं. मग थेंब घेतला तो सुनेच्या तळहातावर.

सुनेने चाटला. "मीठ कमी. आणि आंबट लागतंय. अजून शिजवा." बोलताना तिने नाक असं मुरडलं, की वहिनींना आरशात बघितल्यासारखं वाटलं. त्या निमूटपणे शिजवत राहिल्या. दुसरा थेंब, तिसरा थेंब. शेवटी सून म्हणाली, "आता बास."

मालक आले, चमचा बुडवला, चाखलं, पुन्हा चाखलं. त्यांचा चेहरा सैल झाला. "हेच! हीच तुमची चव, वहिनी. उगाच कालपासून घोर लागला जिवाला."

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. सुनेने तर डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, राहू द्या म्हणून. पण वहिनी नाटकाला कंटाळल्या होत्या.

"माझी नाही, भाऊजी. मला कसलीच चव लागत नाही, तापापासून. हे हिने चाखलंय. हात माझा, जीभ हिची."

मालकांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, पगार मला एकच परवडतो."

"एकच द्या," वहिनी म्हणाल्या. "डबे तेवढे आणू नका."

मालकांनी मान हलवली. नमुन्याचे डबे फळीवरून काढले आणि बाहेर नेऊन ठेवले.

पहिली गर्दी ओसरल्यावर सुनेने राहिलेल्या लालमध्ये थोडा पास्ता परतला आणि एकाच ताटलीत दोघींसाठी घेऊन आली. वहिनींनी स्टूल ओढलं, पाय पसरले, एक घास खाल्ला. गरम. मऊ. बाकी काही नाही.

सून सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" वहिनी म्हणाल्या. "तूच सांग, कसा झालाय."

सुनेने घास घेतला. सावकाश चावला. खाली मान घालून म्हणाली, "चांगला झालाय, आई."

"मग झाला चांगला," वहिनी म्हणाल्या, आणि ताटली तिच्याकडे सरकवली.