चिकाचं अंजीर

खाटकीण स्वभावाने शांत होती. हात तेवढा शांत नव्हता, आणि गल्लीला ओळख हाताचीच होती. नवरा जाऊन महिना झाला नव्हता तोच धाकटा दीर दुकानाची किल्ली मागायला आला. बोलता बोलता त्याने पंजा मांस तोडायच्या ठोकळ्यावर टेकला. ती "हो, देते" म्हणाली आणि सत्तूर उचलून त्याच्या दोन बोटांच्या मधल्या फटीत घातला. बोटांना ओरखडाही आला नाही, पण दीर त्यानंतर गल्लीत दिसला नाही. सत्तूर उपसताना ठोकळ्याची कपची निघाली, एवढंच तिला त्या प्रसंगाचं वाईट वाटे.

घरात ती आणि सासू. सासू शहाऐंशीची, दोन्ही डोळे गेलेले; डोळ्यांचं कामही जिभेने उरकून घेणारी. घर पत्र्याचं, खोल्या दोन, आणि उन्हाळ्यात दुपारी दोन्ही भट्ट्या. त्यामुळे अकरा ते पाच म्हातारीचा मुक्काम अंगणातल्या जुन्या अंजिराखाली असे. फळ पडलं की आवाजावरून शोधायची, पुसायची नि खायची.

पलीकडे ट्रकवाला राहायचा. दोन घरांत मिळून मोकळी जागा एकच, आणि ट्रक वळवायला ती नेमकी हातभर कमी. मागे घेताना मागे बघणं हा त्याला कमीपणा वाटे. एका दुपारी ट्रकचं मागचं फळकूट अंजिराला लागलं, जुनं खोड मधोमध मोडलं आणि वरची फांदी म्हातारीवर आली. तिचा खुबा मोडला.

"झाड मध्ये आलं," ट्रकवाला केबिनमधून म्हणाला.

खाटकिणीने त्याला कॉलरला धरून खाली घेतलं. हातात नेमकं ठोकळा पुसायचं फडकं होतं, त्यामुळे मूठ वापरावी लागली. त्याचे पुढचे दोन दात गेले. तिच्या बोटाचं एक हाड सरकलं, ते तिने जागच्या जागी बसवलं. चौकीत फौजदाराने एका बाजूला दोन दात, दुसऱ्या बाजूला एक खुबा असं मनाशी तोलून पाहिलं आणि दोघांनाही घरी पाठवलं. निघताना ट्रकवाला फुटक्या ओठांनी म्हणाला, "नवीन लावशील तेही मोडीन."

त्या उन्हाळ्यात म्हातारीला घरात दोनदा घेरी आली. दुसऱ्या वेळी तर जीभ तासभर वळत नव्हती. त्या घरात म्हातारीची जीभ न वळणं म्हणजे काय, हे खाटकिणीलाच ठाऊक. डॉक्टरने पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला, "यांना औषध नको, सावली हवी. असे आणखी फार उन्हाळे घरात निघायचे नाहीत."

तेव्हा ती रोपवाटिकेत गेली.

"सावलीला हवंय की फळाला?" रोपवाल्याने विचारलं.

"दोन्हीला. आणि लवकर."

"लवकर म्हणजे?"

"सासू शहाऐंशीची आहे."

रोपवाला समजला. हळू वाढणाऱ्यांच्या दोन रांगा तो न थांबताच ओलांडून गेला. म्हणाला, "हे काळं. फळ उत्तम, पण पानं विरळ, खाली बसलात तर अंगावर जाळी पडेल नुसती. हे पांढरं. याला एक बारीक माशी लागते फळ धरायला. ती आपल्याकडे नाही, मग फळं कच्चीच गळतात. हौस म्हणून लोक नेतात आणि मग मला शिव्या द्यायला येतात. हे मधाचं. नावाप्रमाणे गोड. दोन वर्षांत डोक्यावर येतं, सावलीही बरी."

तिने मधाचं रोप उचललं. "आणि ते?"

कोपऱ्यात रुंद पानांचं, दांडगं रोप उभं होतं. "ते वाढायला राक्षस. सावली छत्रीसारखी. फळ आपलं आपण धरतं, पण पाणचट. आणि त्याला चीक फार." त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी पट्टा होता. "छाटायचं तर ढगाळ दिवस बघा, अंगभर कपडे घाला. चीक अंगावर उडाला आणि वर ऊन लागलं की संपलं. त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी कातडी लाल, तिसऱ्या दिवशी उकळतं पाणी ओतल्यासारखे फोड."

"चीक सगळ्याच अंजिरांना असतो ना?"

"असतो. पण याच्या वाटेला जाणारा जन्मभर लक्षात ठेवतो."

खाटकिणीने मधाचं रोप होतं तिथे ठेवलं. "हे द्या."

"ताई, फळ पाणचट आहे. आधीच सांगतोय, मग भांडायला येऊ नका."

"शेजार तरी कुठे गोड आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर म्हातारीने रोप चाचपलं, एक पान देठाशी मोडलं आणि नाकाजवळ नेलं. "दूध फार आहे गं याला."

"हो."

"बरं आहे," म्हातारी म्हणाली आणि बोटं धुवायला पाणी मागितलं.

रोपाभोवती खाटकिणीने बकरे टांगायचे दहा जुने लोखंडी आकडे सिमेंटमध्ये रोवले, टोकं वर करून. कुणी विचारलं तर "शोभेला" म्हणायची. पहिल्या उन्हाळ्यात सावली म्हातारीच्या पावलांपुरती झाली, बाकीच्या अंगावर ओलं फडकं. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड पत्र्याच्या वर गेलं आणि म्हातारी खुर्चीसकट आत मावली. फांद्यांवर पहिली हिरवी बोंडंही धरली. म्हातारी रोज हात वर करून ती मोजायची. मोजायला हात वर जातोय तोवर आपण आहोत, असा तिचा हिशोब होता.

त्याच उन्हाळ्यात ट्रकवाल्याने दहा चाकी ट्रक आणला. पहिल्याच दिवशी तो मागे आला, मागे न बघता. आकडा टायरमध्ये शिरला आणि टायर बंदुकीसारखा फुटला. म्हातारीने दोन्ही हात डोक्यावर घेतले, पण या वेळी वरून काही आलं नाही. खाटकिणीने तिला खुर्चीसकट उचलून दारात आणून ठेवलं.

ट्रकवाला खाली उतरला, टायर बघितला, आकडा बघितला आणि घरातून कुऱ्हाड घेऊन आला. ऊन ऐन डोक्यावर होतं. त्याने सदरा काढून ट्रकच्या आरशावर टांगला.

"आज हे झाड, आणि मध्ये आलीस तर तू," तो म्हणाला.

खाटकीण आत जाऊन सत्तूर घेऊन आली. दारातून जाताना म्हातारीने तिचं मनगट धरलं. त्या हाताचा जोर संपलाय, असं खाटकीण समजत होती, संपला नव्हता.

"काय आणलंय त्याने?"

"कुऱ्हाड."

"अंगात सदरा आहे?"

"नाही."

"ऊन?"

"डोक्यावर."

"मग बस खाली. पाहुण्याला काम करू दे."

"आई, तुमची सावली चालली."

"सावलीचं पुढे बघू. तू त्याला चिरलंस की तू आत. मग मला इथे जेवायला कोण घालणार, फौजदार?"

पहिला घाव बसला. मांसावर बसतो तसाच ओला आवाज. खाटकिणीचं मनगट उसळलं, म्हातारीने ते मांडीखाली दाबून ठेवलं. प्रत्येक घावाला पांढरा चीक उडत होता, त्याच्या छातीवर, दंडांवर, मानेवर. तो घामाने निथळत होता आणि घामाबरोबर हाताने चीकही पुसत होता, सगळीकडे. बोंडं टपटप पडली. म्हातारी आवाजावरून ती मोजत होती. चौदा झाली आणि तिची मोजणी थांबली. खोड वीतभर उरलं तेव्हा त्याने कुऱ्हाड तिथेच टाकली आणि विचारलं, "आता?"

"पाणी पाहिजे का प्यायला?" म्हातारीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो लाल झाला. तिसऱ्या दिवशी छातीपासून बोटांपर्यंत फोड आले, काही लिंबाएवढे. त्याच्या ओरडण्याने गल्लीतली कुत्री गप्प झाली. त्याची बायको दारात आली. "ताई, काय टाकलं होतंत झाडावर? खरं सांगा."

"पाणी."

"नुसतं?"

"कधीकधी शेणखत."

हे चीक आणि उन्हाचं काम आहे, ते डॉक्टरने त्याच्या बायकोला सांगितलं. सहा आठवडे त्याला स्टिअरिंग धरता येणार नव्हतं. ट्रक फुटक्या टायरवर होता तिथेच उभा राहिला, आणि एवढ्या मोठ्या ट्रकची दुपारी सावली पडते, तीही खाटकिणीच्या बाजूला. तिने म्हातारीची खुर्ची त्या सावलीत मांडली. अंजिराची सावली छत्रीएवढी होती, ही मांडवाएवढी.

चार दिवस ट्रकवाल्याने खिडकीतून ते सोसलं. "तिला तिथून उठव," तो पाचव्या दिवशी ओरडला.

"ट्रक हलव," खाटकीण म्हणाली.

तो बाहेर आला. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, म्हणून त्याने लाथ वापरली. खुर्ची म्हातारीसकट कलंडली. खाटकिणीने आधी म्हातारीला उचलून बसवलं, तिचे कोपर तपासले, धूळ झटकली. मग वळून त्याचा उजवा हात, पट्टीसकट, आपल्या हातात घेतला आणि दाबला. तीस वर्षं हाडं फोडलेला हात होता तो. पट्टीतून पाणी आलं, मग रक्त. ट्रकवाला गुडघ्यावर आला, मग बसला, मग आडवा झाला. सोडल्यावर तिने हात साबणाने दोनदा धुतला.

तो परत चालवायला लागला तोवर खोडाच्या बुंध्यातून सहा फुटवे गुडघ्याएवढे आले होते. ट्रक बाहेर काढताना त्याने ते बघितले. पूर्वी तो दोन वळणांत निघायचा, आता त्याला सात लागली, आणि प्रत्येक वळणाला मान मागे. छातीवर तपकिरी डाग राहिले ते राहिलेच. कुऱ्हाड परत मागायला कुणी आलं नाही. ती हाडांना चांगली चालते.

सावलीला फुटवे त्या वर्षी पुरले नाहीत. म्हातारी उरलेला उन्हाळा दुकानात, ठोकळ्यामागे ओलं फडकं घेऊन बसली आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवत राहिली. ऊन उतरता उतरता सगळ्यांत जाड फुटव्यावर पाच फळं धरली. एक पिकलं. खाटकिणीने ते पुसून तिच्या तळहातावर ठेवलं.

म्हातारीने बराच वेळ चावलं. "पाणचट आहे. मधाची जात नव्हती का?"

"होती. पण तिला चीक कमी."

म्हातारी आणखी थोडा वेळ चावत राहिली. मग तिने हात पुन्हा पुढे केला.

"अजून चार आहेत, पण कच्ची आहेत," खाटकीण म्हणाली. "आठवडाभर थांबावं लागेल."

"थांबते," म्हातारी म्हणाली.