आत्याची यक्षीण

एम.ए.ला मी प्राचीन शिल्पकला आणि आशियाई वाङ्मय असे विषय घेतले, तेव्हा आमच्या अंधेरीच्या बिऱ्हाडात पहिला प्रश्न विचारला गेला तो "याने नोकरी मिळते का?" हा नव्हता. "याला फिरावं लागतं का?" असा होता. मी खरं सांगितलं, लागतं. वडिलांनी चष्मा काढून पुसला. ऑफिसात साहेबाला नाही म्हणायचं असलं की ते असंच करत असणार, अशी माझी खात्री आहे.

पण वडील नाही म्हणाले नाहीत, अट घातली. नापास झालीस तर थेट बोहल्यावर. सांताक्रूझला एक इंजिनियर होता, त्याच्या आईने माझी पत्रिका नेऊन ठेवली होती आणि परत करायचं नाव घेत नव्हती. "आणि पास झाले तर?" मी विचारलं. "तर मग बघू," वडील म्हणाले. हा 'बघू' मी लहानपणापासून ओळखत होते. बाहुली, सहल, पायपेटी, सगळं त्या 'बघू'त गेलं होतं. मला पुढे पीएच.डी. करायची होती, आणि ती त्याच रांगेत उभी राहणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसरी अट म्हणजे एकटीने कुठे जायचं नाही, आत्याला बरोबर न्यायचं.

आत्या ही वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याच्या माघारी कोकणातून आमच्याकडे आली त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. घरात हळदीकुंकू असलं की आत्या स्वयंपाकघरात जाऊन खोबरं खवायला बसायची. तिला कोणी तसं सांगायचं नाही, आणि तसं करू नकोस असंही कोणी म्हणायचं नाही. एरवी मात्र तिच्या जिभेला हाड नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक माणसाची नक्कल तिला येत होती, वडिलांची तर चष्मा पुसण्यासकट.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक धोतर, काळा कोट आणि जाड भिंगांचा चष्मा अशा थाटात वावरत. माणूस मोठा प्रेमळ, पण उत्साह आवरत नसे. कुठल्याही दगडावर साधा ओरखडा दिसला की त्यांना त्यात लिपी दिसायची. माझा विषय त्यांनीच सुचवला होता. लेण्यांमधल्या शिल्पांत कोरलेल्या बौद्ध कथा पुढे चीन-जपानकडच्या ग्रंथांत कशा बदलत गेल्या, हे मी शोधायचं होतं. चिनी मला येत नव्हती, जपानीही नाही. इंग्रजी भाषांतरांवर गुजराण चालली होती. दगड मात्र घराजवळ होते. अंधेरीच्या पूर्वेला, भातखाचरं आणि दगडाच्या खाणी ओलांडल्या की डोंगरावर लेणी होती. तास-दीड तासाची चाल. आत्या डबा घ्यायची, मी शिंप्याची टेप, कागदाची गुंडाळी आणि शाईची बाटली घ्यायची.

तिथल्या एका लहान गुहेत, कोणी फारसं जात नसे अशा कोपऱ्यात, मला ती सापडली. हातभर उंचीची बाई, मांडीवर मूल, पायाशी आणखी दोन-तीन. नाक झिजलेलं, पण बसण्यात मोठा रुबाब. ही लेकुरवाळी यक्षीण. मी आनंदाने तिथल्या तिथे उडी मारली, आणि डोकं छताला आपटलं.

मग ठसा घेतला. ठसा म्हणजे दगडावर ओला कागद बसवायचा, ब्रशने हलके ठोकून कोरीव कामात शिरवायचा आणि अर्धवट सुकला की वरून शाईची पुरचुंडी टिपत जायचं. वर आलेला भाग काळा होतो, खोलगट पांढरा राहतो, आणि चित्र उमटतं. थंडीचे दिवस होते, कागद लवकर सुकेना, म्हणून आत्या म्हणाली, तोवर हिची गोष्ट सांग.

मी सांगितली. ही यक्षीण आधी दुसऱ्यांची मुलं पळवून खायची. गावोगाव आकांत. हिची स्वतःची मुलं पाचशे. बुद्धाने त्यातलं एक, सगळ्यात धाकटं, लपवून ठेवलं. ही वेडीपिशी होऊन सगळीकडे शोधत हिंडली, रडली, शेवटी बुद्धाकडे आली. बुद्ध म्हणाला, पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही दशा, ज्यांचं एकुलतं तू नेलंस त्यांचं काय झालं असेल? तेव्हापासून तिने पोरं खाणं सोडलं आणि पोरं राखायला लागली. चिनी ग्रंथांतही ती आहे, जपानात तर बायका अजून तिच्याकडे मुलांसाठी जातात.

एवढं सांगून मी टीप म्हणून कुठल्या ग्रंथात कुठे फरक आहे तेही सांगायला लागले. आत्या ऐकत नव्हती.

"पाचशेतला एक लपयल्यान तर इतक्या रडली?" ती म्हणाली.

"हो."

"माझा एकच चेडू होता," आत्या म्हणाली. "अकरा महिन्यांचा."

आत्याला मुलगी झाली होती हेच मला माहीत नव्हतं. घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. कागद सुकत आला होता, मी शाई टिपायला घेतली. थोड्या वेळाने आत्याने डबा उघडला आणि लोणचं द्यायचं विसरलीस म्हणून माझ्यावरच ओरडली.

त्यानंतर महिना-दोन महिने मी ग्रंथालयात अडकले. आत्याला मात्र अधूनमधून हवापालट करावासा वाटू लागला. "डोंगरावर जाऊन येतंय, गुडघो मोकळो होता," असं म्हणून ती पाड्यावरच्या भाजीवाल्या बाईच्या सोबतीने निघायची. गुडघ्यासाठी डोंगर चढणारी ती पहिलीच बाई असावी. त्याच सुमारास आई म्हणायला लागली की करंड्यातलं कुंकू फार लवकर संपतं.

होळीनंतर मला दुसरा ठसा घ्यायचा होता, पहिल्यात मांडीवरचं मूल नीट उठलं नव्हतं. गेले, कागद भिजवला, बसवला, आणि तो सरकन खाली आला. पुन्हा बसवला, पुन्हा खाली. हात लावून बघते तर यक्षीण डोक्यापासून पायापर्यंत तेलाने माखलेली. तेलकट दगडावर ओला कागद धरत नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू, पायाशी नारळ, तांदूळ आणि खणाचा तुकडा. कुणीतरी तिची ओटी भरली होती.

मागे वळून पाहिलं तर आत्या छताकडे बघत होती.

"आत्या! हा पुरावा आहे गं माझा!"

"गो चेडवा, हिच्या कपाळाक काय्येक नाय," आत्या म्हणाली. "पाचशे पोरांची आई आणि भुंडी बसली हा."

मी भयंकर चिडले. संशोधन म्हणजे काय, वस्तूला हात लावायचा नसतो, सरांना कळलं तर माझी वाट लागेल, असं बरंच बोलले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. ज्या बाईला आमच्या घरात कुणाची ओटी भरता येत नव्हती, तिने दीड तास चालून, डोंगर चढून, कुणी बघत नाही अशा जागी ही भरली होती. तेल नंतर पुसू, असं मी ठरवलं.

ते पुसणं राहिलं, कारण पुढच्याच आठवड्यात सर स्वतः शिल्प बघायला आले. गुहेत आम्ही शिरलो तर आतल्या वस्तू तिपटीने वाढल्या होत्या. हिरव्या बांगड्या, लाकडी पाळणा, दोन नारळ. खाणीवर दगड फोडणाऱ्या तीन बायका आपली पोरं घेऊन समोर बसल्या होत्या. सर दारातच थबकले. त्यांचे डोळे भिंगांमागे पाणावले.

"दोन हजार वर्षं!" ते माझ्या कानात म्हणाले. "दोन हजार वर्षं हा प्रवाह वाहतोय आणि आपण पुस्तकं चाळत बसलोय!"

मी तोंड उघडलं होतं. पण सर पुढे जाऊन एका बाईला विचारू लागले, "बाई, हिची पूजा कधीपासून करता?"

"पहिल्यापासून," बाई म्हणाली.

"म्हणजे तुमच्या आईही करायच्या?"

"तर! समदी करत्यात." एवढा मोठा माणूस इतक्या आदराने विचारतोय, तर त्याला निराश का करावं, असा तिचा सरळ विचार असावा. सरांनी ते शब्द वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ मारली. बाहेरच्या दगडावर आत्या पदर तोंडात कोंबून बसली होती, आणि तिचे खांदे हलत होते.

उतरताना सर म्हणाले, यावर एक स्वतंत्र प्रकरण झालंच पाहिजे. या एका प्रकरणावर तुमचा प्रबंध तरेल. मी सांताक्रूझचा इंजिनियर डोळ्यांसमोर आणला आणि "हो सर" म्हणाले. मला त्याची लाज अजून वाटते. पण ते प्रकरण मी लिहिलं, 'अखंड पूजापरंपरा' असं नाव देऊन, आणि निगरगट्टपणे चांगलं लिहिलं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र मला जेवण जाईना. स्वयंपाकघरात आत्याला गाठून विचारलं, "त्यांनी विचारलं तर काय सांगू? खरं सांगितलं तर तुझं नाव निघेल. बाबांना कळेल."

आत्या तांदूळ निवडत होती. "इचारल्यानी तर सांग," ती म्हणाली. "मास्तरांपुढे खोटा बोला नको. भावाचा मी बघतंय."

बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत होते, आवाज बारीक आणि चेहऱ्यावर माशी हलत नव्हती. त्यांनी माझा प्रबंध उघडला आणि ते प्रकरण वाचून झाल्यावर मागचं पान काढलं. तिथे मी थंडीत घेतलेला पहिला ठसा चिकटवलेला होता.

"मांडीवरचं मूल सोडलं तर ठसा उत्तम आहे," ते म्हणाले. "अगदी बारीक रेघा उठल्यात. कोरड्या, स्वच्छ दगडावरच असा उठतो. दोन हजार वर्षं रोज तेल घातलेल्या दगडावर तुम्ही हा कसा घेतलात?"

सरांनी चष्मा काढला. त्यांनाही तो पुसावासा वाटला. मी आधी दगड साफ केला होता, असं एक उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते खपलंही असतं. मी म्हटलं, "सर, पूजा माझ्या आत्याने सुरू केली. ठसा घेतल्यानंतर. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी; वार तिला पाठ आहे. खाणीवरच्या बायकांनी तिच्याकडून उचललं." मग सगळंच सांगितलं. ती विधवा आहे, घरी तिला ओटी भरता येत नाही, तिची अकरा महिन्यांची मुलगी गेली, तिने गोष्ट माझ्याकडून ऐकली. सांगून झालं, आणि मी नापास झाले अशी माझी खात्री पटली.

परीक्षकांनी ठशाचं पान सरांपुढे सरकवलं. मग सरांना म्हणाले, "आयुष्यभर आपण देवदेवतांचा उगम शोधतो. कोण, केव्हा, का, एकाचंही उत्तर मिळत नाही. या मुलीच्या हातात तिन्ही आहेत, वारासकट. आणि हिने ती लपवून ठेवली!" माझ्याकडे वळून म्हणाले, "हे प्रकरण फाडा. एका महिन्यात खरं लिहून आणा. मग पास."

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वही घेऊन आमच्या घरी हजर झाले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून, समोर जमिनीवर बसलेल्या आत्याला विचारू लागले, "बाई, तुम्ही पहिल्यांदा काय अर्पण केलंत? कुंकू की तेल?" पंधरा वर्षांत आमच्या बाहेरच्या खोलीत आत्याला कोणी काही विचारलेलं मला आठवत नाही. ती अगदी विचार करून, क्रमवार उत्तरं देत होती. दारात वडील उभे होते आणि त्यांचा चेहरा क्रमवार लाल होत होता.

सर जिना उतरले मात्र, वडील कडाडले. "अक्का, तू ओटी भरलीस? तू? अगं, काही रीतभात?"

"भरलंय," आत्या म्हणाली. "आणि नवस पण बोललंय."

"कसला नवस?"

आत्याने शांतपणे सांगितलं. चेडू पास झालं तर माझा भाऊ त्याला हवं तेवढं पुढे शिकवील, आणि चेडू स्वतः म्हणेपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही. वडिलांच्या नावाने बोलली होती. वडील देवभोळे. बोललेला नवस चुकवणं त्यांच्या हातून होणार नव्हतं, आणि ते तिला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांना वाट सापडल्यासारखी वाटली.

"पण ही देवी आहेच कुठे? हिनेच लिहिलंय ना, ती यक्षीण आहे आणि पूजा तुझ्यापासून सुरू झालीय म्हणून?"

"मग तर झालाच," आत्या म्हणाली. "पयली पुजारीण मी. नवस फिटलो की नाय, ता मीच सांगतलंय."

 सांताक्रूझला जाऊन पत्रिका वडिलांनी स्वतःच परत आणली.

मी नवीन प्रकरण दिलं आणि पास झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या नवस फेडायला निघाली. नारळ, खण, तांदूळ, सगळं आता उघडपणे पिशवीत भरत होती. कुंकवाची पुडी तेवढी सवयीने कमरेला लपवली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. करंडा पदराने पुसून तिने आत्याच्या हातात दिला.

"वन्सं, पुडीतलं वाटेत सांडतं," आई म्हणाली. "हा करंडाच न्या. तुम्ही न्यायला लागलात तेव्हापासून मी तो काठोकाठ भरून ठेवतेय."