निशाणावरचं मीठ

पनवेलच्या स्टँडवर माझ्या हातात तेवीस वस्तूंची यादी होती. आईला वाचता येत नव्हतं, पण ती पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होती. "मीठ घेतलंस का गो? तय मीठ नाय मिललं त?" मिठागरवाल्यांच्या मुलीने मीठ वाहून न्यायचं? मी हसले. ते साल एकोणीसशे साठ.

यांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका गोदीत फिटरचं काम मिळालं होतं. राहायला गेलो ते खेडंही मिठागरांचंच निघालं! एक चर्च, एक बुलांजरी म्हणजे पावाचं दुकान, आणि मेरी म्हणजे आपली ग्रामपंचायत. रस्त्यात सगळे 'बोंजूर' म्हणायचे. घरात मात्र सहा महिने कुणी बोलावलं नाही, आणि तेच मला लागत होतं.

मग जत्रेसाठी गावाचं नवं निशाण हवं होतं. भरतकाम येतं म्हणून मेयरांनी ते माझ्याकडे दिलं. जुन्या कागदावरचं गावाचं चिन्ह त्यांनी समजावलं: निळ्या लाटा म्हणजे समुद्र, फावडं म्हणजे कष्ट, पांढरा त्रिकोण म्हणजे मिठाची रास, गावाची पुंजी. राशीच्या माथ्यावर काहीतरी पुसट पिवळट होतं. ते मी विचारलंच नाही. पावसाआधी राशीवर गवत शाकारतात, हे काय विचारायचं? चार दिवस बसून पिवळ्या रेशमाने काडी न् काडी भरली.

जत्रेच्या आदल्या सकाळी शेजारच्या मादाम जान बघायला आल्या. जन्म मिठागरात गेलेला. "अहो, आमच्या मिठाला ही टोपी कुणी घातली?" तिथे रास चिकणमातीने लिंपतात!

आमच्याकडे राशीवर गवतच शाकारतात, एवढंच मी कसंबसं सांगितलं. आता कसलं बोलावणं! जानबाईंनी मात्र बाह्या सरसावल्या. "उसवा. मी तपकिरी दोरा आणते." टाके घालता घालता म्हणाल्या, "लिंपून आमच्या पाठी मोडल्या, आणि तुम्ही गवतावर भागवता? आळशी लोक!"

"तुमचा पाऊस म्हणजे नुसतं शिंपण," मी मोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं. "आमचा येऊन बघा, मग बोला."

त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. शेवटचा टाका पडला तसा दंडाला धरून त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात नेलं, सूप वाढलं, आणि मागचं दार कधीच लावलेलं नसतं, असं बजावलं.

तुम्ही माहेरची माणसं पत्रातून विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? न विचारता आत शिरावं आणि पातेल्यावरचं झाकण उचलून बघावं, अशी माझी दोन स्वयंपाकघरं आहेत. एक आईचं, एक जानबाईंचं.