बद्रीनाथ अण्णांचे न पडणारे गडी

"हारलो? हारलो कसे? माझा तर एकबी गडी पडला न्हाई!"

बद्रीनाथ अण्णांचा आवाज मुळातच खणखणीत. घरात पाणी मागितलं तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. पिंपळगाव रेणुकाईच्या देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका जागच्या जागी थबकल्या. बाहेर चार माणसं आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून सुतकात असल्यासारखी उभी होती. चौघांच्या पडद्यावर एकच ओळ होती, 'वेळ संपली'. आणि तिच्यामागे कालभुजंग नावाचा तीन फण्यांचा राक्षस, अंगात बोटभर जीव उरलेला, खुशाल डोलत होता.

मोबाइलवरच्या त्या खेळात या झुंजीला रेड म्हणतात. नेमून दिलेल्या जागी आपल्या पायांनी जाऊन उभं राहायचं, प्रत्येकाने आपले सहा गडी, म्हणजे खेळात धरून पाळलेली जनावरं, उतरवायचे आणि पाच मिनिटांच्या आत राक्षस लोळवायचा. पिंपळगावात ही जागा देवळासमोरची. कालभुजंग तिथे रविवारी दिवेलागणीपर्यंतच राहणार होता, आणि हा होता शनिवार. सोमवारी अण्णांचा मुलगा भागवत आणि सून तृप्ती जालन्याला बिऱ्हाड हलवणार होते. भागवतला तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात काम लागलं होतं. चौथा होता साहेबराव, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचा. या चौघांनी मिळून कालभुजंग पाडायचा, हे अण्णांनी मनाशी घेतलं होतं. त्यासाठी आता एकच दिवस हातात होता.

साठी ओलांडलेल्या, मिरची पिकवणाऱ्या माणसाला हा नाद लागला तो सुनेमुळे. लग्न होऊन आल्यावर बरेच दिवस तृप्ती सासऱ्यांसमोर 'हो' आणि 'न्हाई' यापलीकडे बोलत नसे. एकदा ओट्यावर पडलेला तिचा मोबाइल गुरगुरला. अण्णांनी दचकून तो उचलला, आत एक कासव त्यांच्याकडे रोखून पाहत होतं. "हे काय पाळलं गं पोरी?" त्यांनी विचारलं, आणि तृप्तीनं उंबऱ्यात उभं राहून जे सांगायला सुरुवात केली, ते स्वयंपाकाची वेळ टळली तरी संपेना. तेव्हापासून सासरा-सून मिळून गडी धरायला शेतरस्त्यानं फिरू लागले. अण्णांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणायच्या, "माझ्यासंगं उभा संसार केला, पण एवढं बोलणं म्या कधी ऐकलं न्हाई यांचं."

गडी निवडायची अण्णांची तऱ्हा बैलबाजारातली. दमाचा हवा, टिकणारा हवा, दिवसभर औत ओढून संध्याकाळी ताठ उभा राहणारा हवा. त्यांचा लाडका गडी म्हणजे तसलंच एक कासव, ढाल्या. बाकीचे पाचही त्याच्याच जातकुळीचे. झुंजीत एखादा निम्मा थकला की अण्णा त्याला माघारी बोलवायचे, जसं उन्हं चढल्यावर औत सोडावं तसं, आणि ताज्या दमाचा दुसरा पुढे घालायचे. त्यांच्या हातून एकही गडी कधी पडला नव्हता. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

देवळातून परतताना तृप्ती मागे मागे चालत होती. मध्येच म्हणाली, "मामा, एक बोलू का? राग न्हाई ना धरायचा?"

"बोल की."

"तुमच्यामुळं हारून राह्यलो आपण."

अण्णा भर रस्त्यात थांबले. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं करकचून ब्रेक लावला आणि दोन शिव्या दिल्या. त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत.

"माझ्यामुळं?"

भागवतनं बायकोला डोळ्यांनी दटावलं. पण ती मागे हटली नाही. "उद्या सकाळी दाखवते. बराबर दाखवते. मंग तुम्हीच सांगा."

सकाळी ओट्यावर मांडामांड झाली. खेळात सरावासाठी एक धाकटा भुजंग मिळतो, त्याच्यासमोर तृप्तीनं आधी ढाल्या आणि त्याची मंडळी उतरवली. अण्णांनी आपल्या हातानं लढवली. फण्याचे फटके बसत होते, ढाल्या पाय रोवून उभा होता, अण्णांची छाती फुगत होती. वेळ संपली. भुजंगाचा जीव निम्माच उतरला होता.

मग तिनं अण्णांच्याच मोबाइलमधले, धरून नुसते ठेवून दिलेले ससाणे उतरवले. हाडकुळे, फुंकरीनं उडतील असे. अण्णांनी त्यांना कधी जवळही केलं नव्हतं. पहिला चार टोचा मारून पडला. अण्णा हळहळले. दुसरा पडला, तिसरा पडला, आणि बशीतला चहा निवायच्या आत भुजंगच आडवा झाला.

अण्णांनी बशी तशीच खाली ठेवली. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"कासवाला पडेपर्यंत लढू दिलं, तर एकूण मार त्याचाच जास्ती भरतो मामा," तृप्ती म्हणाली. "पण पडेपर्यंत टाइम कुठं हाय? रेडमधी जल्दी मारणारा पायजे. आणि तुम्ही गडी सारखे माघारी बोलावता. दुसरा उतरेपर्यंत तुमच्याकडून कुणीच मारत न्हाई."

द्वारकाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाजाराची गाडी हलल्यावर तोडलेली मिरची कोण घेतं हो?"

"तू खेळतीस का हे?" अण्णा उखडले.

"मी कशाला खेळू? समजतं तेवढं."

अण्णांनी मोबाइल जवळ घेऊन पडलेले ससाणे एकेक करून पाहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे आपले गडी जाणूनबुजून पडू द्यायचे?"

भागवत हसला. "बापू, तुमचं तेच हाय. जत्रेच्या नाटकात शिपाई झाल्ते, तवाबी पडले न्हाईत."

ती गोष्ट गावाला पाठ होती. तरणेपणी अण्णा जत्रेच्या नाटकात शिपाई व्हायचे. दुसऱ्या वाराला मरायचं काम. पण एकदा रंगमंचावर गेले की यांचा पाय निघत नसे. वार झाला की छाती धरायची, खांबाला टेकायचं, देवीची आठवण काढायची, पुन्हा तलवार उचलायची. राजा झालेला नट बिचारा तिष्ठत उभा. शेवटी लोकच ओरडायचे, "पड की बाबा आता, पुढचा प्रवेश हाय!" आणि अण्णा पडले की टाळी अशी यायची की कनाती हलायच्या. तसं मरणं गावात पुन्हा कुणी मेलं नाही.

दुपारभर अण्णा मोबाइल घेऊन एकटेच बसले. ढाल्याला वाढवायला दोन वर्षं जमवलेला खुराक त्यांच्यापाशी होता. तो एकदा दिला की परत मिळत नाही. त्यांनी तृप्तीला हाक मारली. "हे सगळं ससाण्यांना घाल. माझ्या हातानं होत न्हाई."

"ढाल्याला शेवटच्या जागी ठिवू या मामा. पाचही पडले तर तो उतरंल. न्हाई तर सगळे पडल्यावर बाहेर येऊन पुन्हा शिरण्यात टाइम जातो."

संध्याकाळी चौघं देवळासमोर उभे राहिले. दिवेलागण जवळ आलेली. साहेबराव म्हणाला, "अण्णा, बोट माघारीच्या बटनावर न्यायचं न्हाई हां."

"शिकवतो का मला?"

झुंज सुरू झाली. अण्णांचा पहिला ससाणा झेपावला, टोचत राहिला आणि पडला. दुसरा जखमी झाला तेव्हा सवयीनं बोट सरकलंच, पण त्यांनी दुसऱ्या हातानं ते घट्ट धरलं. दुसरा पडला. तिसरा, चौथा. "अरे देवा," ते पुटपुटत होते. पाचवा पडला, पडदा करडा झाला, आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"बापू!" भागवत ओरडला.

अण्णांनी डोळे उघडले. कालभुजंगाचे तिन्ही फणे जमिनीवर होते. ढाल्या उतरलाच नव्हता. घड्याळात मिनिटाहून जास्त वेळ शिल्लक होता.

"टाइम बाकी हाय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला होता. "बाकी हाय अजून?"

तृप्ती उड्या मारत होती. देवळापुढे, सासऱ्यांसमोर, पदराचं भान नसताना. साहेबरावानं दुकानातल्या पोराला बोलावून हाती मोबाइल दिला. "चला, चौघं नीट उभे ऱ्हावा. फोटो काढू."

अण्णा पायरीवर बसले होते. पाच करडे ससाणे पाहत. "पोरी, हे उठतेत का पुन्हा?"

"उठतेत की. खेळातल्या पिशवीत पडलेल्यांना उठवायच्या मुळ्या असत्यात बघा."

तिनं पिशवी उघडून दाखवली. मुळ्या शिगोशीग भरलेल्या. "मामा, एवढ्या? एकबी वापरली न्हाई?"

"मला काय म्हाईत कशाच्या हायत त्या. पडलंच कोण होतं?"

"अण्णा, वर बघा," साहेबराव ओरडला.

"थांब रे. आधी यांला उठवू दे."

पोरगं काही थांबलं नाही. त्या फोटोत तिघं समोर पाहून हसताहेत, आणि अण्णांची मान खाली आहे, बोट मोबाइलवर.