दादाची अमेरिकेची तयारी

दुसरी मोठी लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. माझा थोरला भाऊ, दादा, नागपूरला शेतकीचं शिक्षण घेत होता. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो डोणगावला आला. अकोल्याच्या मोटरीतून उतरला आणि रस्त्यातच बाबांना म्हणाला, "बाबा, मी अमेरिकेले जाऊन राह्यलो." बाबा त्याची ट्रंक उचलायला वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले.

घरी आल्यावर त्यानं नीट सांगितलं. तिकडच्या एका विद्यापीठाशी त्याच्या प्राध्यापकांची बोलणी झाली होती. त्यांचा एक विद्यार्थी आपल्याकडे येऊन कापूस आणि ज्वारी शिकणार, आपला एक तिकडे जाऊन मका आणि दूधदुभतं शिकणार. तिकडे वर्षाचे दोन तुकडे करतात, एका तुकड्याला सेमिस्टर म्हणतात. तेवढ्यापुरतीच ही अदलाबदल. खर्च त्यांचं विद्यापीठ करणार होतं. दादाची निवड झाली होती, पावसाळ्यात मुंबईहून बोटीत बसायचं होतं.

माय भाकर थापत होती. तिनं विचारलं, "थो तिकडचा पोरगा इथं येईन तं खाईन काय?"

"आपण खातो तेच खाईन," दादा म्हणाला.

"मंग तूही तिकडं ते खातात तेच खाशीन?"

दादा हसला. मायनं दुसऱ्या दिवशीपासून येसर करायला घेतला. धान्य आणि मसाला भाजून दळलेली ती पूड पाण्यात उकळली की रस्सा होतो. सहा महिने पुरेल एवढी ती करणार होती. आमच्या घरात तो महिनाभर भाजलेल्या धण्याचा वास होता.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मराठी शाळा संपवून घरीच बसले होते आणि हिवऱ्याच्या एका घरात माझं लग्न ठरल्यात जमा होतं. दादा मला समोर बसवून विद्यापीठाचा छापील नकाशा दाखवायचा. हे ग्रंथालय, हा गोठा, ही नदी, इथं मुलांची राहायची इमारत. दुपारी तो डोळे मिटून अंगणात चालायचा आणि मी नकाशात बघून सांगायची, आता डावीकडे वळ. आंधळ्यासारखा तो तुळशीवृंदावनावर आदळला की आम्ही दोघंही हसायचो.

पासपोर्टासाठी बाबा त्याला घेऊन बुलढाण्याला डिप्टी कमिशनरांच्या कचेरीत गेले. तिथला कारकून अडून बसला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आणि राज्य इंग्रजांचं, मग हा मुलगा कोणाची प्रजा म्हणून लिहायचा? दादानं त्याला सांगितलं, "माह्या बापाचा लिवा." बाबा हा किस्सा परत आल्यावर घरोघरी सांगत फिरले. बाबांना इतकं बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गरम कोट आमच्या गावच्या शिंपीचाचांनी शिवला. लढाईच्या काळात ते कामठीच्या छावणीत पलटणीचे कपडे शिवायचे, त्यामुळे असला कोट शिवणारे ते एकटेच. माप घेताना ते दादाला म्हणाले, "ढिला ठेवतो बेटा. तिकडं दूधलोणी खाऊन भरशीन." दादा म्हणाला, "ठेवा चाचा." तो त्या दिवसांत थोडा उतरला होता खरा. संध्याकाळी त्याचं अंग जरा गरम लागायचं. नागपूरच्या खाणावळीला शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो.

अमेरिकेच्या सरकारला येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीचा फोटो लागायचा. यंत्रानं काढलेला, आतला. त्यासाठी मृगाच्या आधी दादा पुन्हा नागपूरला गेला. जाताना म्हणाला, फोटो झाला की तयारी संपली.

तो परतला ती दुपारची वेळ होती. मोटरीवर घ्यायला कोणी गेलं नव्हतं, कारण तो येणार हेच माहीत नव्हतं. अंगणात येऊन त्यानं हातातल्या पाकिटातून काळी काचेसारखी फिल्म काढली आणि उन्हासमोर धरली. मी जवळ जायला लागले तर त्यानं मला हातानंच थांबवलं.

"तिथंच राह्य. बाबा, या बाजूले पाहा. उजव्या अंगाले वरतं पांढरं दिसते ना?"

"काय हाये थे?" बाबांनी विचारलं.

"क्षय."

माय दारात होती. ती म्हणाली, "तुले तं खोकलाही नाई."

"होईन आता," दादा म्हणाला.

आणि खरंच झाला. पंधरवड्याच्या आत त्याला असा खोकला लागला की जेवताना घास बाहेर यायचा. मायनं त्याचा एकच अर्थ लावला: जाताना माझं लेकरू धडधाकट होतं, त्या यंत्रानं त्याला रोग दिला. बाबांनी समजावलं, दादानं समजावलं, मेहकरच्या डॉक्टरांनी समजावलं. तिनं कोणाचं ऐकलं नाही. "त्याले अमेरिका नसती सुचली तं थो यंत्रापाशी गेलाच नसता," असं ती मरेपर्यंत म्हणत होती. एका परीनं आम्हा सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. रागवायला निदान एक यंत्र तरी होतं.

डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा, दूध, अंडी आणि आराम. दवाखान्यात जागा मिळवायची तर दूर जावं लागणार, आणि तिथेही यादी लांबलचक. बाबांनी मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला झोपडी घातली आणि दादाला तिथं नेलं. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. जेवण मी घेऊन जायची, दारात ठेवायची आणि चार पावलं मागं होऊन बसायची. गावातली माणसं मळ्याजवळून जाताना तोंडाला धोतराचा सोगा लावायची. हिवऱ्याच्या लोकांनी मध्यस्थाकडून एवढंच कळवलं की मुलाचं अजून शिकायचं चाललंय. त्या मुलाचं लग्न त्याच वर्षी दुसरीकडे झालं.

बोट निघून गेली असेल त्या दिवशी दादानं काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तू इंग्रजी शिक. मी एवढं घोकलं, वाया काऊन जाऊ द्यायचं?" मग रोज जेवणानंतर तो आतून शब्द सांगायचा आणि मी बाहेर बसून म्हणायची. तो चिडायचा. माझा उच्चार चुकला की ताट ढकलायचा. आजारानं माणूस गोड होतं असं लोक सांगतात, दादा मात्र कडू झाला. एकदा मला म्हणाला, "तुह्या छातीत काही नाई, तरी तू इथंच राह्यशीन."

आम्ही विसरलो होतो, पण अदलाबदलीचा दुसरा भाग चालूच होता. अमेरिकेचा मुलगा ठरल्याप्रमाणे नागपूरला आला. आपल्या जागी जाणारा आजारी पडला हे त्याला तिथं कळलं आणि दिवाळीनंतर तो त्याला भेटायला डोणगावला आला. मोटरीतून उतरला तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. उंच, उन्हानं लाल झालेला, शेतकऱ्याचाच मुलगा. मायनं त्याला ओसरीवर बसवून ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. त्यानं सगळं खाल्लं. घाम पुसत खाल्लं. माय पदरात तोंड लपवून आत गेली.

मळ्यात मी त्याला घेऊन गेले. दादानं तो शिंपीचाचांचा कोट अंगात घातला होता. थंडी म्हणण्यासारखी नव्हती, पाहुण्यासाठीच घातला असावा. आत माणूस आहे की नाही असं वाटण्याइतका तो कोट त्याच्या अंगावर लोंबत होता. पाहुणा पुढं झाला तसा दादा इंग्रजीत म्हणाला, वारा जिकडून येतो तिकडे बस, म्हणजे माझा श्वास तुझ्याकडे येणार नाही. तो बसला.

दादानं त्याला विचारलं, तिथं आता काय चाललं असेल? मुलगा म्हणाला, मका काढून झाला असेल, सकाळी गवतावर पांढरं दव गोठत असेल. मग त्यानं काडी घेऊन मातीत विद्यापीठ काढून दाखवायला सुरुवात केली. दादा खाटेवरून वाकून बघत होता. मुलानं गोठा काढला तेव्हा दादा म्हणाला, नदीच्या इतका जवळ? मुलगा थांबला, विचार केला आणि काडीनं नदी जरा दूर सरकवली. दोघं बराच वेळ बोलत होते; मला कळलं नाही ते दादा मधूनमधून मराठीत सांगायचा. दादाचा आवाज मला जुना वाटला, सुट्टीतला.

निघायच्या आधी मुलगा म्हणाला, आमच्याकडे या रोगावर एक नवं औषध निघालंय. अजून दुकानात मिळत नाही, पण माझे काका डॉक्टर आहेत, मी त्यांना लिहितो.

दादाचा चेहरा एकदम आवळला. मुलगा गेल्यावर तो मराठीत, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, म्हणाला, "औषध तिथं, अन् औषध लागते म्हणून मले तिथं येऊ देत नाईत." आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवसापासून इंग्रजी बंद झालं.

तरी आम्ही वाट पाहिली. बाबा दर मोटरीला रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. पौषात तो मुलगा स्वतः आला. काकांचं उत्तर आलं होतं: औषध फार थोडं बनतं, तिथल्याच मोजक्या दवाखान्यांत देऊन पाहतात, बाहेर पाठवता येत नाही. हे तो ओसरीवर उभा राहून मला सांगत होता. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण 'नाही' कळला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. दादाला सांगायचं की नाही हे ठरवायची वेळ आलीच नाही. तो तेव्हा ग्लानीत होता, संक्रांतीच्या आधी गेला. रक्ताची उलटी झाली, बाबा जवळ होते. आम्हाला त्यांनी येऊ दिलं नाही.

बाबांनी झोपडी सामानासकट जाळली. पुढच्या हंगामात त्या जागेवर तूर पेरली. पीक चांगलं आलं, पण गावात ती डाळ कोणी घेईना, म्हणून मेहकरच्या बाजारात नेऊन विकावी लागली.

होळी झाल्यावर अमेरिकेचा मुलगा निरोप घ्यायला आला. त्याची सहामाही संपली होती. बाबा त्याच्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "याले इचार, याच्या बापानं याले एवढ्या लांब कसं धाडलं?"

मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. मुलाला दोनदा विचारावं लागलं. तो म्हणाला, वडील स्टेशनवर आले होते, पण गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही, घोड्याचा लगाम नीट करत राहिले.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय बापा. लवकर जाय घरी."

पुढं मी परीक्षा दिल्या, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. त्याआधी दोन-तीन स्थळं आली होती. पाहुणे चहा पिऊन झाला की खाली बघत विचारायचे, "तुमच्याकडं कोणी आजारानं गेलं म्हणतात?" बाबा दर वेळी म्हणायचे, "हाव. माहा पोरगा." स्थळ तिथंच मोडायचं, तरी दुसरं काही सांगायला ते कधीच तयार झाले नाहीत, आणि खोटं सांगा असं मीही त्यांना म्हटलं नाही.