काजळावरचा आळ

चौसाळ्याच्या सुनितानं शिवलेलं ब्लाऊज उसवलं म्हणून कधी कुणी परत आणलं नाही. पण दोन वर्षांपासून तिच्या पापण्यांचे केस जात चालले होते. उजव्या डोळ्याची वरची पापणी तर मधोमध पार उघडी पडली होती.

केस झडत नव्हते, तीच उपटत होती. मशीनवर बसून मन कशात अडकलं, की हात आपोआप डोळ्याकडे जायचा. केस निघाला की घटकाभर हलकं वाटायचं, मग स्वतःचीच किळस यायची. सासूनं, छबुबाईनं, एकदा सरळच विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "भिवराबाईच्या काजळानं झालं असंल."

छबुबाई आठवडी बाजारात भिवराबाईच्या बांगड्या-काजळाच्या पालापुढे उभी राहून पोटभर भांडली. ऐकणाऱ्या बायकांनी तिथून काजळ घेणं सोडलं. सुनितानं बाजारच सोडला.

शेवटी नवऱ्यानं, आदिनाथनं, तिला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. थायरॉईडची तपासणी चांगली निघाली. पापणीवर कोंडा नव्हता, सूज नव्हती, काजळ बाधल्याची खूण नव्हती. केस मात्र कमी-जास्त लांबीचे, मधेच तुटलेले. बाईंनी आदिनाथला बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, "हात आपोआप जातो का?"

सुनितानं पदर तोंडावर घेतला. पदराआडूनच होकाराची मान हलवली. हा आजार आहे, मनाच्या डॉक्टरांकडे यावर उपचार होतात, लाजू नका, असं बाई समजावत राहिल्या. सुनिताच्या डोळ्यांपुढे मात्र भिवराबाईच होती.

पुढच्या बाजारी ती पालापाशी गेली. "मावशी, काजळाचं काय बी न्हवतं. मीच केस उपटीत होते. खोटं बोलले."

भिवराबाई बांगड्या पुसत राहिली. "मला कावून सांगतीस? माझं काजळ मला ठावं हाय. ज्यांनी ऐकलं त्यांना सांग."

त्या दिवशी सुनिताला तेवढा धीर झाला नाही. घरी सांगितलं, तर छबुबाई दोन दिवस बोलली नाही. आठवड्यानं सासू-सुना दोघी बाजारात गेल्या. पालाभोवती बायका जमल्यावर सुनितानं सगळं सांगितलं. एकीला हसू आलं, दुसरीनं तोंड फिरवलं.

उपचार सुरू आहेत. पापणीवर बारीक लव आली आहे, अधूनमधून हात जातोच. काही बायका भिवराबाईकडे परतल्या, काही नाही. सुनिता तिच्याकडेच बांगड्या भरते. भिवराबाई भाव सांगते, पण पूर्वीसारखी माहेरची विचारपूस करत नाही. सुनिताही ती अपेक्षा ठेवत नाही.